दोन थरांची पोकळ नळी: नायट्रोजनपासून पाण्यापर्यंतचा एक अनुभव

चाकण औद्योगिक परिसरातील ज्या कारखान्यात मी प्रोसेस इंजिनिअर म्हणून काम करतो, तेथे इंजेक्शन मोल्डिंगने, म्हणजे वितळलेले प्लास्टिक दाबाने साच्यात भरून, वाहनांचे प्लास्टिकचे भाग तयार होतात. इलेक्ट्रिक वाहनाच्या बॅटरीला थंड ठेवणाऱ्या द्रवाची एक नळी विकसित करण्याचे काम आमच्याकडे आले, तेव्हा ड्रॉइंगवर ती अगदी साधी दिसत होती. बाहेरचा व्यास २४ मिलिमीटर, भिंतीची जाडी साधारण ३ मिलिमीटर, वेगवेगळ्या प्रतलांत दोन वळणे, चासिसला बोल्टने बसण्यासाठी नळीच्या अंगाशी एकसंध असलेले ब्रॅकेट आणि एका टोकाला होज बसवण्यासाठी उंचवटे, एवढाच तिचा पसारा होता. ब्रॅकेट अंगचेच हवे असल्यामुळे एक्सट्रूजनची, म्हणजे भोकातून सलग दाबून काढलेली, नळी वाकवून वापरण्याचा मार्ग बंद झाला होता, आणि दोन प्रतलांतील वळणांमुळे साच्यातून सरळ ओढून काढता येईल असा पोलादी कोअर आत ठेवणेही शक्य नव्हते. दोन अर्धे भाग मोल्ड करून व्हायब्रेशन वेल्डिंगने जोडता आले असते, पण गळतीची सगळी भीती त्या लांबलचक जोडावर येऊन बसली असती. त्यामुळे नळी भरीव भरायची आणि आतले प्लास्टिक वितळलेले असतानाच दाबाखालचा वायू किंवा पाणी सोडून ती पोकळ करायची, हा मार्ग उरला.

थर दोन का, हा प्रश्न मला या कामात अनेकांनी विचारला. ब्रॅकेटना कंपन सहन करायचे होते, म्हणून तीस टक्के काचतंतू असलेले प्लास्टिक आवश्यक होते. तेच प्लास्टिक नळीच्या आतल्या पृष्ठभागावर मात्र त्रासदायक ठरते. वायूने किंवा पाण्याने कोरलेली आतली बाजू पोलादी साच्याला कधीच टेकत नाही, त्यामुळे तिला साच्याची चकाकी मिळत नाही आणि तंतूंची टोके उघडी राहतात. एकाच मटेरियलची नळी आम्ही आधी करून पाहिली होती. तिच्या आतून काळ्या सुती कापडाची पट्टी ओढली आणि ती दिव्याखाली धरली, तेव्हा पट्टीवर केसाहूनही बारीक, चमचमणारे तंतू चिकटलेले दिसले. बॅटरीखालच्या कूलिंग प्लेटमधील मार्ग अतिशय अरुंद असतात आणि पंपाचे बेअरिंगही नाजूक असते, त्यामुळे असे सुटे तंतू त्या परिपथात जाऊ देणे ग्राहकाला मान्य नव्हते, आणि त्यांचा हा आग्रह योग्यच होता. बाहेर काचतंतूंचे मजबूत आवरण आणि आत तंतूविरहित गुळगुळीत अस्तर, अशी रचना त्यातून ठरली.

मटेरियलचा विचार प्रथम पॉलिअमाइडपासून, म्हणजे नायलॉनच्या कुळापासून, सुरू झाला, कारण इंजिनाजवळच्या कूलंट नळ्यांसाठी नायलॉन ६६ हा रुळलेला पर्याय आहे. परंतु बॅटरीच्या परिपथातील द्रव इंजिनातल्यासारखा तापत नाही, आणि पाणी व ग्लायकॉल यांचे मिश्रण पॉलिप्रॉपिलीनच्या रेणूसाखळ्या तोडत नाही, तर नायलॉनच्या बाबतीत उष्णतेत तसे तुटणे ही कायमची चिंता असते. शिवाय दोन थर एकमेकांना धरून राहायचे असतील तर ते एकाच कुळातले असणे सर्वांत सोयीचे. नायलॉन आणि पॉलिप्रॉपिलीन यांची जोडी लावायची झाल्यास मध्ये मॅलेइक अॅनहायड्राइड जोडलेल्या पॉलिप्रॉपिलीनसारखा बांधणारा घटक लागतो, आणि मग दोनाचे तीन थर होतात. आम्ही बाहेरच्या थरासाठी तीस टक्के काचतंतूंचे काळे पॉलिप्रॉपिलीन आणि आतल्या थरासाठी रंग न घातलेले, तंतूविरहित पॉलिप्रॉपिलीन निवडले. रंगातील हा फरक पुढे फार उपयोगी पडला, कारण नळीचा कोठेही काप घेतला की काळे कडे आणि त्याच्या आतले दुधी कडे डोळ्यांनीच मोजता येत असे.

एकाच गेटमधून, म्हणजे प्लास्टिक साच्यात शिरते त्या तोंडातून, दोन मटेरियल एकामागोमाग सोडून एक दुसऱ्याच्या पोटात भरण्याची पद्धत ब्रिटनमधील आयसीआय कंपनीने १९७० च्या सुमारास पुढे आणली, आणि कारखान्यांत ती सँडविच मोल्डिंग या नावानेच ओळखली जाते. ती चालते ती वितळलेल्या प्लास्टिकच्या वाहण्याच्या खास रीतीमुळे. साच्यात शिरलेले प्लास्टिक मधून वेगाने पुढे जाते आणि आघाडीला पोचले की कारंज्यासारखे बाहेरच्या बाजूंना वळून थंड पोलादाला चिकटते. म्हणून जे आधी सोडले ते कडेला बसते आणि जे नंतर सोडले ते मधोमध राहते. मात्र आतले मटेरियल बाहेरच्यापेक्षा थोडे अधिक घट्ट असावे लागते. पुरणपोळी करणाऱ्या कोणालाही हे वेगळे सांगावे लागणार नाही. पुरण सैल राहिले की ते पारी फोडून बाहेर येते. आतले पॉलिप्रॉपिलीन फार पातळ असेल तर ते बाहेरच्या थराला नीट न ढकलता त्याच्यातून बोगदा काढत पुढे धावते आणि आघाडी फोडून पृष्ठभागावर दुधी डाग उमटवते. ते फार घट्ट असेल तर बोथट गोळ्यासारखे पुढे सरकते, गेटजवळचा बाहेरचा थर घासून पातळ करते आणि स्वतः शेवटपर्यंत पोचत नाही. पुरवठादाराच्या कागदावरील मेल्ट फ्लो इंडेक्सचा, म्हणजे वितळलेले प्लास्टिक किती सहज वाहते त्याचा, आकडा येथे केवळ दिशा दाखवतो, कारण तो अतिशय मंद प्रवाहात मोजलेला असतो. आम्ही प्लास्टिक वितळवणाऱ्या दोन्ही बॅरलची तापमाने आणि दोन्ही स्क्रूंचे वेग बदलत राहून ही जोडी जुळवली.

साच्याचे काम सुरू होण्यापूर्वी मी एक आकडेमोड केली होती, आणि तिने पुढच्या सगळ्या कामाची दिशा ठरवली. २४ मिलिमीटर व्यासाच्या भरीव दांड्यात १८ मिलिमीटरचे भोक पडायचे असेल, तर क्षेत्रफळाच्या हिशेबाने ५६ टक्के मटेरियल जागा सोडून जाणार. ३ मिलिमीटर भिंतीपैकी बाहेरचा थर २ मिलिमीटर आणि आतला १ मिलिमीटर धरला, तर बाहेरच्या थराला सुमारे ३१ टक्के आणि आतल्या अस्तराला केवळ १३ टक्के मटेरियल लागते. आपण जे आतले मटेरियल साच्यात भरतो, त्याचा पाचातील चार भागांहून अधिक हिस्सा वायूला किंवा पाण्याला वाट करून देण्यासाठी बाहेर जातो आणि उरलेला पातळ हिस्सा अस्तर म्हणून राहतो, असा त्याचा अर्थ. भोकाची कड नेहमी आतल्या थरातच पडली पाहिजे. ती चुकून बाहेरच्या थरात सरकली, तर तेथे काळे, तंतूंचे मटेरियल उघडे पडणार आणि दोन थरांचा सारा खटाटोप त्या जागी वाया जाणार.

आमच्याकडे नायट्रोजनची सामग्री आधीपासून होती, कारण दुचाकीच्या मागच्या प्रवाशाने धरायच्या जाड हँडल आम्ही गॅस पद्धतीने करत होतो. वायूने पोकळ भाग करण्याच्या पद्धतीचे जर्मनीतील एर्न्स्ट फ्रीडरिश यांचे अमेरिकी पेटंट १९७८ चे आहे, म्हणजे हे तंत्र काही नवे नाही. नायट्रोजन वापरण्याचे कारण तो निष्क्रिय आहे. उच्च दाबाने दाबलेली साधी हवा गरम प्लास्टिकच्या संपर्कात आली तर तिच्यातील ऑक्सिजनमुळे ते करपू शकते. आम्ही साचा पूर्ण भरण्याची पद्धत घेतली. प्रथम दोन्ही मटेरियल भरायची, मग दूरच्या टोकाला असलेल्या ओव्हरफ्लो कप्प्याचे दार हायड्रॉलिक पिनने उघडायचे आणि गेटच्या बाजूने वायू सोडून आतले मटेरियल त्या कप्प्यात ढकलायचे. साचा अर्धवट भरून उरलेला भाग वायूने फुगवण्याची दुसरी पद्धत मटेरियल वाचवते, पण प्रवाह थांबून पुन्हा सुरू होतो त्या रेषेवर पृष्ठभागावर एक कडे उमटते. शिवाय दोन थरांच्या बाबतीत बाहेरचा थर त्या रेषेपाशी ताणला जाऊन फाटण्याचा धोका राहतो.

गॅसच्या चाचण्यांत नळी पोकळ झाली, परंतु समाधानकारक झाली नाही. वायू दबतो, आणि हा गुणधर्म तेथे सतत आडवा आला. ओव्हरफ्लोचे दार उघडताच पुढचा अडथळा कमी होतो, साठलेला वायू एकदम प्रसरण पावतो आणि बुडबुडा शेवटच्या भागात झेपावतो, त्यामुळे पहिल्या भागात भिंत एका जाडीची आणि शेवटच्या भागात वेगळ्याच जाडीची असा प्रकार झाला. एकंदरीत भिंत हवी त्याहून जाडच राहिली. घट्ट द्रवातून पुढे जाणारा वायूचा बुडबुडा कडेला मटेरियलचा मोठा वाटा मागे सोडतो, हे जुने आणि नीट अभ्यासलेले भौतिक सत्य आहे. दाब सोडल्यावर अस्तराच्या पृष्ठभागावर बारीक फोडही दिसले, कारण दाबाखाली थोडा नायट्रोजन गरम प्लास्टिकमध्ये विरघळतो आणि दाब जाताच फेसाळून बाहेर येतो.

त्याहून मोठा प्रश्न थंड होण्याच्या वेळेचा होता. प्लास्टिकची भिंत थंड व्हायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वायू भिंतीतून जवळजवळ काहीच उष्णता उचलत नाही, म्हणून नळीची भिंत केवळ साच्याच्या बाजूने थंड होते आणि ३ मिलिमीटरची भिंत दोन्ही बाजूंनी थंड होणाऱ्या ६ मिलिमीटर भिंतीसारखी वागते. जाडी दुप्पट, म्हणजे वेळ चौपट. प्रत्यक्षात गॅसची भिंत तीनहून जाड होती, त्यामुळे सायकल टाइम, म्हणजे एक नळी तयार व्हायला लागणारा वेळ, इतका लांबला की ग्राहकाने सांगितलेल्या किमतीत तो बसणे शक्य नव्हते.

पाण्याचा निर्णय येथे झाला. वितळलेल्या प्लास्टिकमध्ये पाणी सोडण्याच्या पद्धतीवर जर्मनीतील आखेन येथील प्लास्टिक प्रक्रिया संस्थेत, म्हणजे आयकेव्हीमध्ये, १९९८ पासून पद्धतशीर काम झाले आणि तेथून ती वाहन उद्योगात पसरली. पाण्याची विशिष्ट उष्णता नायट्रोजनच्या सुमारे चौपट आहे, उष्णता वाहून नेण्याची क्षमता वीस पटींहून अधिक आहे आणि ते व्यवहारात दबत नाही. विक्रेते हे गुण सांगताना पाणी म्हणजे जलद चालणारा गॅस, असे चित्र उभे करतात. माझे मत निराळे आहे. पाणी दाबाखालचे माध्यम म्हणून वायूपेक्षा कितीतरी कडक शिस्तीचे आहे, आणि विशेषतः दोन थरांच्या भागात ते पोचण्याआधी थरांची सीमा जेथे ठरली असेल, तेथेच ती कायम करून टाकते. गॅसमध्ये नंतरचा दाब थोडाफार सावरून घेतो. पाण्याच्या स्पर्शाने अस्तराचा पृष्ठभाग क्षणात गोठतो आणि मग सुधारणेला जागा उरत नाही. म्हणून पाण्याच्या चाचण्यांतील माझा बहुतेक वेळ पाण्यावर गेलाच नाही, तो पाणी येण्यापूर्वीच्या काही सेकंदांवर गेला.

पाणी २३० अंश सेल्सिअसच्या प्लास्टिकमध्ये शिरताच त्याची वाफ होत नाही का, असा प्रश्न शॉप फ्लोअरवर प्रत्येकाने विचारला. २३० अंशांना पाण्याचा बाष्पदाब साधारण २८ बार असतो, आणि आम्ही त्याच्या कितीतरी पट दाबाने पाणी सोडत होतो. त्या दाबाखाली ते द्रवरूपातच राहते. त्याच्या आघाडीवर गोठलेल्या प्लास्टिकचा एक पातळ पापुद्रा तयार होतो आणि तो बुचासारखा पुढचे मटेरियल ढकलत नेतो. धोका दाब सोडताना असतो. अस्तर आतून अजून शंभर अंशांच्या वर असताना दाब काढला, तर उरलेले पाणी तेथेच उकळते आणि पृष्ठभागावर खड्डे पाडते. त्यामुळे पाण्याचा दाब धरून ठेवण्याची वेळ आम्ही हळूहळू वाढवत नेली. त्याचा आणखी एक फायदा झाला. तंतूविरहित पॉलिप्रॉपिलीन थंड होताना दीड ते दोन टक्के आकसते, तर काचतंतूंचे त्याच्या निम्म्याहूनही कमी आकसते. म्हणजे आतले अस्तर बाहेरच्या थरापासून आत ओढले जाण्याची प्रवृत्ती असते. पाण्याने ते आतून दाबून धरले, तर गोठेपर्यंत दोन्ही थर एकमेकांना घट्ट टेकलेले राहतात.

पाण्याचा इंजेक्टर, म्हणजे पाणी साच्यात सोडणारे तोंड, हा या सगळ्यातील सर्वांत कष्टाचा भाग ठरला. गॅसच्या पिनला केसासारखी फट पुरते. पाण्याला मोठे तोंड लागते, आणि मोठे तोंड प्लास्टिकने बुजू नये म्हणून त्यात पुढेमागे सरकणारी झडप असते. त्या झडपेच्या सीलमधून पाणी सोडण्यापूर्वीच एखादा थेंब झिरपला, तर तेवढ्या जागी प्लास्टिक अकाली गोठते आणि पाण्याचा प्रवाह तिरपा निघतो. पण दोन थरांमुळे आणखी वेगळी अडचण आली. सुरुवातीच्या नळ्यांचे इंजेक्टरच्या बाजूचे टोक कापले, तेव्हा काळा आणि दुधी थर यांच्यामध्ये नखाच्या जाडीची पोकळी दिसली, आणि बोटांनी ओढताच अस्तर सालीसारखे निघून आले. इंजेक्टरचे तोंड साच्याच्या भिंतीशी समतल होते, म्हणजे ते बाहेरच्या थरात उघडत होते. पाण्याला तो थर भेदून आतल्या थराच्या मध्यावर जायचे होते, पण त्याला दोन थरांच्या सीमेवरची वाट अधिक सोपी वाटली आणि ते तेथूनच पसरले. टूल रूममधील आमच्या ज्येष्ठ फिटरनी तो काप हातात फिरवून पाहिला आणि म्हणाले, "साहेब, पाण्याला उंबऱ्यावर सोडून चालणार नाही, माजघरात नेऊन सोडायला हवं." इंजेक्टरचे टोक साच्याच्या पोकळीत पुढे काढण्यात आले, इतके की ते बाहेरच्या थराची जाडी ओलांडून आतल्या मटेरियलमध्ये उघडेल. त्यानंतर त्या टोकाशी थर सुटण्याची तक्रार राहिली नाही.

मग विलंबाचा प्रश्न आला. साचा भरल्यानंतर पाणी सोडेपर्यंत किती थांबायचे, हा एकच आकडा भिंतीची जाडी, अस्तराची जाडी आणि आतला पृष्ठभाग या तिन्हींवर राज्य करतो. फार लवकर पाणी सोडले, तर बाहेरचा थर अजून मऊ असतो; पाणी अस्तर जवळजवळ पूर्ण वाहून नेते आणि कापात दुधी कडे कागदाइतके उरते, काही जागी काळे दिसू लागते. फार उशिरा सोडले, तर आतल्या मटेरियलचाही बराच भाग गोठलेला असतो, भोक लहान होते, आणि पाण्याचा प्रवाह अडखळला की अस्तरातच दुहेरी कडे तयार होते, ज्याच्या मध्ये पाण्याचे थेंब अडकून राहतात. या दोन टोकांच्या मधली खिडकी अरुंद आहे, आणि साच्याचे तापमान काही अंशांनी बदलले तरी ती सरकते. आमच्या साच्याचे तापमान पूर्वी एकाच कंट्रोलरवर होते. ते गेटची बाजू, वळणे आणि ओव्हरफ्लोची बाजू अशा स्वतंत्र भागांत विभागल्यानंतरच कालचा आकडा आज लागू पडू लागला.

वळणांनी आमची खरी परीक्षा घेतली. पाणी असो वा वायू, तो सर्वांत कमी अडथळ्याची आणि जवळची वाट धरतो, त्यामुळे वळणावर भोक आतल्या बाजूला सरकते आणि वळणाच्या पोटाकडची भिंत पातळ, तर पाठीकडची जाड होते. एकाच थराच्या नळीत हे काही मर्यादेपर्यंत चालून जाते. दोन थरांच्या नळीत मात्र वळणाचा काप घेतला, की दुधी थर कडे न राहता चंद्रकोर झालेला दिसे: पाठीकडे जाड आणि पोटाकडे निमुळता होत नाहीसा होणारा. नेमक्या त्या जागी आतून काळे मटेरियल उघडे पडत होते. पाण्याचा प्रवाह वाढवून पाहिला, थोडा फरक पडला, पण पुरेसा नाही. आतल्या मटेरियलचे प्रमाण वाढवले, तेव्हा पोटाकडे अस्तर आले, पण सरळ भागात बाहेरचा थर दीड मिलिमीटरच्या खाली गेला आणि ब्रॅकेटच्या मुळाशी ताकद कमी पडली. अखेर ग्राहकाच्या डिझाइन विभागाशी बसून वळणाची त्रिज्या वाढवून घेतली. त्यांच्या वाहनात जागा फारशी नव्हती, म्हणून एकाच वळणाला पूर्ण मोकळीक मिळाली आणि दुसऱ्याला थोडी. गोळीसारखा तुकडा पाण्यापुढे ठेवून भोकाचा व्यास तिच्याकडून राखून घेण्याची प्रोजेक्टाइल पद्धतही आहे, आणि वळणांवर ती चांगली चालते. पण प्रत्येक शॉटला, म्हणजे साच्याच्या प्रत्येक भरणीला, नवी गोळी बसवणे आणि पुढे अस्तराशी तिचा मेळ घालणे आमच्या उत्पादन संख्येला परवडणारे नव्हते.

ब्रॅकेटचा प्रश्न त्यापेक्षा सरळ होता. ब्रॅकेट नळीला जेथे मिळतो तेथे मटेरियलचा जाड, उशिरा गोठणारा साठा होतो, आणि पाणी त्या मऊ जागेत बोटासारखे घुसते. ब्रॅकेट भरीव न ठेवता पातळ फासळ्यांचा केला, तसे हे घुसणे थांबले.

नळीचे दूरचे टोक मात्र बराच काळ हट्ट करत राहिले. सँडविच पद्धतीत आतले मटेरियल स्वभावतः बाहेरच्याच्या मागे असते, त्यामुळे भरण्याच्या शेवटच्या भागात केवळ काळे मटेरियलच पोचते. होज बसणारे टोक नेमके तेथेच होते. यावर उपाय असा केला, की ओव्हरफ्लोचे दार पाण्याआधी थोडे लवकर उघडायचे आणि आतल्या मटेरियलच्याच दाबाने पुढचे काळे मटेरियल कप्प्यात जाऊ द्यायचे. दुधी आघाडी नळीचे टोक ओलांडून कप्प्यात शिरली, की मग पाणी सोडायचे. कप्प्यातील तुकडा कापला, की त्याच्या तळाशी काळा गोळा आणि त्याच्यामागे दुधी मटेरियल असे दिसते, आणि त्या काळ्या भागाच्या आकारावरून नळीच्या टोकाचे आरोग्य नळी न कापताच कळते. हा तुकडा ग्राइंडरमध्ये जातो. दोन्ही मटेरियल पॉलिप्रॉपिलीनच असल्यामुळे त्याचा चुरा वेगळ्या, कमी महत्त्वाच्या काळ्या भागांत वापरता येतो. नायलॉन आणि पॉलिप्रॉपिलीनची जोडी घेतली असती, तर हा निम्म्याहून अधिक माल भंगारातच गेला असता. माझ्या दृष्टीने या निवडीचा हा सर्वांत मोठा आर्थिक लाभ आहे, आणि दोन थरांच्या भागाचा विचार करणाऱ्यांनी बाहेर जाणाऱ्या मटेरियलचे पुढे काय करणार, हे मटेरियल ठरवतानाच पाहिले पाहिजे.

पाण्याबरोबर येणारी कामेही कमी नाहीत. कारखान्याचे बोअरवेलचे पाणी जड आहे. ते थेट वापरले असते तर इंजेक्टरच्या झडपेवर क्षार बसले असते, म्हणून आरओचे पाणी आणि त्यापुढे बारीक गाळणी लावली. पाणी लागणारे साच्याचे सारे भाग गंजरोधक पोलादाचे करून घेतले. नळी साच्यातून काढण्यापूर्वी इंजेक्टरमधूनच कोरड्या दाबाच्या हवेने आतले पाणी बाहेर फुंकले जाते, तरीही वळणाच्या खोलगट जागी थोडे उरते, त्यामुळे कॅप लावून पॅक करण्यापूर्वी नळ्या गरम हवेच्या स्टेशनवरून जातात. मशीनखाली पाणी सांडणारच, हे गृहीत धरून तळाला ट्रे आणि निचऱ्याची वाट केली आहे. नायट्रोजनच्या काळात बंद जागेत गळती झाली तर ऑक्सिजन कमी होण्याची भीती होती आणि दाब अडकलेला भाग साचा उघडताच फुटू नये म्हणून व्हेंटिंगची, म्हणजे वायू बाहेर सोडण्याची, वेळ पाळावी लागत होती. पाण्याच्या बाबतीत दाब सुटला की धोका तत्काळ ओसरतो, परंतु उच्च दाबाची धार त्वचा कापू शकते, म्हणून इंजेक्टरच्या बाजूचे गार्ड उघडताच पंप बंद होईल असे इंटरलॉक आहे.

आता नळी नियमित उत्पादनात आहे. प्रत्येक नळीची हवेच्या दाबाने गळती तपासली जाते. ठरावीक नमुन्यांवर फोडून पाहण्याची दाब चाचणी आणि गरम ग्लायकॉल मिश्रणाखाली दाबाच्या चढउतारांची चाचणी होते. काळ्या कापडाची पट्टी आतून ओढण्याची तपासणी ग्राहकाच्या यादीत नाही, पण आम्ही ती ठेवली आहे. दर शिफ्टला एक नळी पट्टीच्या करवतीने ठरलेल्या जागांवर, म्हणजे इंजेक्टरजवळ, दोन्ही वळणांच्या मध्यावर आणि दूरच्या टोकाशी कापली जाते आणि काळ्या व दुधी कड्यांची जाडी चार बाजूंना मोजली जाते. ऑपरेटरनी मशीनजवळ पाहण्यासाठी मी नळीच्या वजनापेक्षा ओव्हरफ्लोच्या तुकड्याच्या वजनाला अधिक महत्त्व दिले आहे, कारण भोकाचा व्यास किंचित जरी बदलला तरी त्याचा परिणाम त्या तुकड्यात ताबडतोब दिसतो. ते वजन घसरू लागले, की ऑपरेटर प्रथम पाण्याच्या पंपाकडे पाहत नाही. तो वळणाच्या भागातील साच्याचे तापमान आणि आतल्या मटेरियलच्या बॅरलचे तापमान पाहतो, आणि बहुतेक वेळा बिघाड त्या दोहोंपैकी एका ठिकाणीच सापडतो.